काठावरचे आईबाप

मुलाला पोहायला शिकवणे ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. पाठीला डबा किंवा कमरेला वाळलेला भोपळा बांधून मुलाला विहिरीत सोडावे, चार दिवस त्याच्या नाकातोंडात पाणी जावे आणि मग केव्हातरी त्याने आपले आपण हातपाय मारू लागावे, असा तो क्रम असे. त्या पोहण्याला घड्याळ नव्हते. काठावर उभ्या असलेल्या काकाला किंवा मामाला एकच काळजी असे, की पोर बुडू नये. आज पुणे असो, इंदूर, बडोदे किंवा बंगळूर असो, मूल उन्हाळी शिबिरात पोहायला शिकते, प्रशिक्षकांच्या नजरेत भरते आणि तलावाच्या संघात घेतले जाते. येथपासून पोहण्याची शर्यत होते, आणि काठावरच्या आईबापांची काळजीही पालटते. या पहिल्या हंगामात त्यांनी काय करावे आणि काय करू नये, एवढाच आजचा विषय आहे.

नव्या पालकांना प्रथम चकित करते ती वाट पाहणे. स्पर्धेसाठी भल्या पहाटे घर सोडावे, दुपार कलेपर्यंत तलावावर बसावे, आणि मूल प्रत्यक्ष पाण्यात असते ते जेमतेम मिनिटभर! तेव्हा तयारी करायची ती शर्यतीपेक्षा या वाट पाहण्याची. दोन टॉवेल, एक जादा पोशाख, टोपी, चष्मा आणि ओल्या अंगावर घालायला काही उबदार, एवढे पिशवीत असावे. खाण्यासाठी पोळीभाजी, केळी, चिक्की पुरे. तळकट पदार्थ शर्यत आटोपल्यावर. स्पर्धा वयोगटांच्या असतात, म्हणून जन्मदाखल्याची प्रत जवळ असू द्यावी. शर्यतीचा क्रमांक, फेरी आणि लेन मुलाच्या मनगटावर पेनाने लिहून ठेवावी; घाबरलेल्या मुलाला त्या तीन आकड्यांचा मोठा आधार वाटतो.

दुसरी गोष्ट नियमांची. इशाऱ्यापूर्वी उडी घेतली तर स्पर्धक बाद होतो. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या प्रकारांत वळताना आणि शर्यत संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. एक हात आधी लागला, की सारे श्रम वाया. पहिल्या हंगामात पुष्कळ मुले अशी बाद होतात आणि रडत बाहेर येतात. अशा वेळी बापाने पंचांशी वाद घालायला धावू नये. आपल्यामुळे वडील चारचौघांत भांडले, ही लाज मुलाला बाद होण्यापेक्षा अधिक बोचते. टॉवेल पुढे करावा, पाणी द्यावे. चूक काय झाली ते प्रशिक्षक सांगतील. ते त्यांचे काम आहे.

आता घड्याळाकडे वळू. शर्यतीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते, आणि या अचूकपणाची भूल पालकांना लवकर पडते. शेजारच्या लेनमधल्या मुलाची वेळ पाठ होते, घरी वही सुरू होते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तलाव २५ मीटरचा असतो, तसा ५० मीटरचाही असतो. आखूड तलावात वळणे अधिक, प्रत्येक वळणावर भिंतीला पाय लावून जोर मिळतो, आणि वेळ कमी दिसते. दोन तलावांतल्या वेळा एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अकरा-बारा वर्षांच्या दोन मुलांचे जन्मसाल एक असले, तरी त्यांच्या शरीरांची वाढ एक नसते. एकाची उंची झपाट्याने वाढू लागलेली असते, दुसऱ्याची दोन वर्षांनी वाढायची असते. मुलींची वाढ मुलांच्या आधी सुरू होते. त्या वयातला विजय पुष्कळदा लवकर आलेल्या वाढीचा असतो. म्हणून मुलाची तुलना करायचीच, तर ती त्याच्याच मागच्या वेळेशी करावी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. पाळी सुरू झाली, की काही घरांत मुलीचे पोहणे मुकाट्याने बंद होते. निरोगी मुलीने त्यासाठी पोहणे सोडण्याचे कारण नाही. आईने योग्य साधनांची माहिती आधीच दिली आणि त्या दिवसांत पाण्यात उतरायचे की नाही हे मुलीवर सोपवले, तर तिचा हंगाम खंडित होत नाही.

पदकांची आशा असावी. तिचे माप मात्र माहीत असावे. आशियाई स्पर्धांत १९८६ साली सोल येथे खजानसिंग यांनी पोहण्यात रौप्यपदक मिळवले. त्यानंतर कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० साली ग्वांगझू येथे कांस्यपदक जिंकेपर्यंत या खेळात भारताची चोवीस वर्षे कोरडी गेली. पदक हेच पोहण्याचे फळ मानले, तर जवळजवळ प्रत्येक मूल अपयशी ठरेल. उलट, पाणी केव्हा काय देईल, हे दहाव्या वर्षी सांगता येत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात ते जबर जखमी झाले आणि पुढे पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धांतले ते भारताचे पहिले सुवर्णपदक होय.

तेव्हा पहिल्या हंगामाच्या शेवटी वहीत वेळ किती लिहिली गेली, हे फारसे पाहू नये. शर्यतीनंतर घरी परतताना मूल आपण होऊन बोलले, तर ऐकावे. गप्प राहिले, तर त्याला गप्प राहू द्यावे. भूक लागली का, एवढे विचारणे त्या वेळी पुरेसे असते. पुढच्या वर्षी तलाव उघडेल, तेव्हा ते मूल कोणी न हाकता पिशवी भरायला बसले, तर त्याच्या आईबापांनी काठावरचे आपले काम चोख केले असे खुशाल समजावे.