भूमिका तिची होती

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्याच्या मंडळींनी मला फोन केला, तेव्हा म्हणाले, ‘तू कॉम्प्युटरवाली आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल.’ मी म्हटलं, ते तर तुमची पोरंच तुम्हाला रोज शिकवत असतील. मी त्यापेक्षा एका नटीबद्दल बोलते. १९१३ सालची नटी. तेव्हाच्या सिनेमाला आवाज नव्हता, म्हणून तिच्यासाठी आपणच थोडं बोलू.

झालं असं की माझ्या मुलीला शाळेत ‘पहिल्या स्त्रिया’ या विषयावर प्रकल्प होता. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली चित्रपट अभिनेत्री. प्रत्येकीवर पाच ओळी. मदत करायला मी बसले आणि त्या अभिनेत्रीपाशी अडकले, कारण तिथे एक नव्हे, दोन नावं होती. आई आणि मुलगी. दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई. ही कमला पुढे कमलाबाई गोखले झाली. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी. विक्रम गोखल्यांना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, पण त्यांची पणजी आणि आजी दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमात होत्या, हे मला तरी चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

थोडं मागे जाऊ. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी बाई शोध शोध शोधली. एकही मिळाली नाही. पोटासाठी नाचगाणं करणाऱ्या बायकांनीसुद्धा नकार दिला. शेवटी मुंबईच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके सापडले आणि तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात तो सिनेमा लागला. भारताची पहिली नायिका हा एक पुरुष होता.

त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले आणि तिथे ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी. गंमत बघा. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. तोवर पुरुष बाईचं सोंग घेत होते. खरी मुलगी पडद्यावर आली, तीही बाईचं रूप घेतलेल्या देवाच्या भूमिकेत!

प्रकल्पाच्या पाच ओळी इथे संपतात. मला मात्र एक प्रश्न पडला. साऱ्या बायका ‘नाही’ म्हणत असताना या दोघी ‘हो’ कशा म्हणाल्या?

त्याचं उत्तर दुर्गाबाईंच्या संसारात आहे. त्यांचे पती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. दोघं वेगळी झाली आणि लहानग्या मुलीला घेऊन बाई एकटी उरली. त्या काळी अशा बाईला पोट भरायला चार घरची धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट वाट. दुर्गाबाईंनी फिरती नाटक कंपनी धरली. जातीने त्यांना वाळीत टाकलं. कंपनीबरोबर आज या गावी, उद्या त्या गावी. कमलाला शाळा मिळाली नाही, लिहायला-वाचायला तिला आईनेच शिकवलं. वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी ती रंगमंचावर उभी राहिली. आपण इथे आपल्या शाळेच्या प्रेमापोटी जमलो आहोत, म्हणून ही गोष्ट मला फार लागली.

पुढे कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. तेही नाटकातलेच, स्त्रीभूमिका करणारे. पण कमलाबाई पंचविशीत असतानाच ते गेले आणि जी वेळ आईवर आली होती, तीच लेकीवर आली. पदरात मुलं आणि हातात फक्त अभिनय. त्यांनी रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या, नंतर बोलपटांत कामं केली आणि तिन्ही मुलांना वाढवलं. चंद्रकांत अभिनेते झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. थेट १९८०च्या ‘गहराई’ सिनेमापर्यंत कमलाबाई काम करत होत्या. म्हातारपणी त्यांच्यावर रीना मोहन यांनी माहितीपट केला, त्याचंही नाव ‘कमलाबाई’.

‘मोहिनी भस्मासुर’ मात्र आज पाहायला मिळत नाही. आपल्या देशात सुमारे १,३०० मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम तीसेक उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. जुनी फिल्म चटकन पेट घ्यायची, पडून राहिली तर सडायची, आणि तिच्यातली चांदी काढायला लोक ती विकूनही टाकायचे. माझ्या धंद्यात आम्ही एका फाइलच्या तीन प्रती ठेवतो. त्या मुलीच्या पहिल्या कामाची एकही राहिली नाही.

आता मुद्द्यावर येते. दुर्गाबाई ‘हो’ म्हणू शकल्या, कारण त्यांना ‘नाही’ म्हणणारं घरच उरलं नव्हतं. ज्यांना घर होतं, त्यांना घराने सोडलं नाही. मान मिळाला तो पोटाच्या काळजीतून, आणि तोही कितीतरी वर्षांनी.

आपल्या दहावीच्या गॅदरिंगमध्ये जिजाऊंचा प्रवेश होता, आठवतो? जिजाऊ वेगळी मुलगी होणार होती. तिचे संवाद ऐकून तालमीत मुलं गप्प बसायची. आठ दिवस आधी तिचा भाऊ शाळेत आला आणि म्हणाला, ‘आमच्या घरच्या पोरी स्टेजवर नाही चढत.’ ती दुसऱ्या दिवसापासून तालमीला आली नाही. घर वाईट नव्हतं तिचं. जीव लावणारं होतं, आणि म्हणूनच तिला ते मोडता आलं नाही.

तालमीत वही धरून मी बसायची. संवाद मला पाठ होते. मॅडमनी विचारलं आणि मी एका दमात ‘हो’ म्हटलं. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो डबा घेऊन मी इंजिनिअरिंगला होस्टेलवर गेले. तिच्या घरी मात्र एकदाही गेले नाही. तिला काय वाटलं असेल, हे विचारायला मला तीस वर्षं लागली.

ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे. ती अंगणवाडीत काम करते, आणि दर सव्वीस जानेवारीला गावातल्या पोरांची नाटकं बसवते. मागच्या महिन्यात मी तिला फोन केला, चुकलं म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, ‘अवो, त्यात तुमचं काय चुकलं? मला तर तेव्हा कोणी विचारलंच नाही, एवढंच.’ वर्गातली मैत्रीण मला ‘अवो’ म्हणते, तेही मला लागलं. मग मी तिला ते बंद करायला लावलं.

मित्रमैत्रिणींनो, आपण आता कोणाचे तरी बाबा आहोत, आई आहोत, मामा-काका आहोत. शाळेत येऊन ‘आमची पोरगी नाही चढत’ म्हणणारी जागा आता आपल्याकडे आली आहे. घर असलेल्या मुलीलाही ‘हो’ म्हणता यावं, एवढं आपल्या हातात आहे.

आज संध्याकाळच्या कार्यक्रमात जिजाऊंचा तोच प्रवेश आहे. भूमिका जिची होती, तीच करणार आहे. तिचा भाऊ पहिल्या रांगेत बसणार आहे, त्याने स्वतः तसं सांगितलं आहे. मी पडद्यामागे असेन, वही धरून. वहीची गरज पडेल असं वाटत नाही. तीस वर्षांनंतरही तिला सगळं पाठ आहे.