इमारत का कोसळली? – कट, कल्पना आणि कसोटी

(कोथरूड येथे झालेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्राचे दोन मनोरे विमानांच्या धडकेनंतर कोसळले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र त्याच दिवशी सायंकाळी 5 वाजून 20 मिनिटांनी त्याच संकुलातील सातव्या क्रमांकाची 47 मजली इमारतही जमीनदोस्त झाली, हे अनेकांच्या गावी नसते. तिच्यावर विमान आदळले नव्हते. सुदैवाने ती आधीच रिकामी केलेली असल्याने तेथे कोणाचा बळी गेला नाही. ही इमारत का पडली, यावर गेली दोन दशके वाद चालू आहे. 'अमेरिकी सरकारनेच सुरुंग लावून ती पाडली' असे मानणारे लोक अडाणी नाहीत. त्यांत वास्तुविशारद आहेत, अभियंते आहेत, आणि आपल्या पुण्यातही ते भेटतात. तेव्हा त्यांची टिंगल करून विषय संपवणे योग्य होणार नाही. त्यांचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे.

संशयाची कारणे

त्यांचे मुद्दे असे. एक, त्यापूर्वी केवळ आगीमुळे पोलादी सांगाड्याची एवढी उंच इमारत पूर्णपणे कोसळल्याचे उदाहरण नव्हते. दोन, ती सरळ खाली आणि विलक्षण वेगाने आली. तीन, तिच्यात सीआयए, सीक्रेट सर्व्हिस आणि रोखे नियामक मंडळ यांची कार्यालये होती. चार, बीबीसीच्या वार्ताहराने ती पडल्याची बातमी सुमारे वीस मिनिटे आधीच दिली. पाच, ज्या सरकारने 2003 मध्ये इराकच्या महासंहारक अस्त्रांविषयी जगाची दिशाभूल केली, त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. सत्तेवरचा विश्वास एकदा उडाला, की ती खरे बोलत असली तरी लोक ऐकत नाहीत. परंतु एखादा माणूस एका ठिकाणी खोटे बोलला, म्हणून दुसऱ्या ठिकाणी त्याने खून केला, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो.

लोहाराला ठाऊक असलेली गोष्ट

'आगीत पोलाद वितळत नाही' असे ठासून सांगितले जाते. ते खरेच आहे. पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि कार्यालयातील आग तेथवर पोहोचत नाही. पण आपल्या गावचा लोहार लोखंड वितळवतो कुठे? तो ते लाल करतो आणि वाकवतो. सुमारे 600 अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते. दुसरी गोष्ट, तापलेले लोखंड वाढते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवून मोठी करतात आणि मग गार करून घट्ट बसवतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना प्रसरण शिकवावे लागत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने नोव्हेंबर 2008 मध्ये आपला अंतिम अहवाल दिला. उत्तर मनोऱ्याच्या जळत्या अवशेषांमुळे सातव्या इमारतीत आगी लागल्या. पाण्याच्या मुख्य वाहिन्या तुटल्याने खालच्या मजल्यांवरील स्वयंचलित फवारे कोरडे राहिले. आग तासन्‌तास धुमसत राहिली. मजल्यांच्या लांबलचक तुळया तापून वाढल्या आणि त्यांनी तेराव्या मजल्यावरील एक मुख्य तुळई तिच्या आधारावरून ढकलली. एकामागून एक मजले खचले. 79 क्रमांकाच्या खांबाचा आडवा आधार गेला आणि तो वाकला. त्यानंतर आतील सांगाडा पूर्वेकडून पश्चिमेकडे कोसळत गेला आणि शेवटी बाहेरचे कवच खाली आले. प्रेक्षकांना दिसला तो हा शेवटचा भाग.

वेगाविषयीची कथाही उद्बोधक आहे. संस्थेने आधी मुक्तपतन मान्य केले नव्हते. भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाने चित्रफितीचे मोजमाप करून आक्षेप घेतला. अंतिम अहवालात संस्थेने सुमारे सव्वादोन सेकंदांचे मुक्तपतन मान्य केले आणि आतील आधार आधीच गेल्यामुळे ते घडले असे स्पष्ट केले. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने ज्ञानात भर घातली. अलास्का विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात आगीचे कारण नाकारले आहे, हेही सांगितले पाहिजे. त्या अभ्यासाला सुरुंगाचा दावा करणाऱ्या गटानेच निधी पुरवला होता, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. पण सुरुंग कोणी, केव्हा आणि कसे लावले, याचे उत्तर त्यातूनही मिळत नाही. आणि जानेवारी 2017 मध्ये तेहरानची पोलादी सांगाड्याची प्लास्को इमारत आगीत कोसळल्यानंतर 'असे कधी घडतच नाही' हे म्हणणेही टिकत नाही.

बीबीसीच्या बातमीचे कोडेही फार गहन नाही. इमारत पडणार हे अग्निशमन दलाने दुपारीच ओळखून परिसर मोकळा केला होता. 'पडणार आहे' याचे धावपळीत 'पडली' झाले. लग्नघरातसुद्धा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप जाताना एवढा फरक पडतो.

चांदणी चौकाचा धडा

सुरुंग लावून बांधकाम पाडणे म्हणजे काय, हे कोथरूडकरांना न्यूयॉर्कला जाऊन शिकण्याची गरज नाही. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर चांदणी चौकातील जुना पूल पाडण्यात आला. सुमारे 1300 छिद्रे पाडून त्यांत 600 किलो स्फोटके भरली होती. महामार्ग बंद केला होता. काम त्याच कंपनीकडे होते, जिने महिनाभर आधी नोएडाचे जुळे मनोरे सुमारे 3700 किलो स्फोटकांनी काही सेकंदांत भुईसपाट केले होते. स्फोट झाला, धूळ खाली बसली, आणि पाहतो तो पुलाचा सांगाडा उभाच! उरलेले काम यंत्रांना करावे लागले.

आता विचार करा. आराखडा हाती, परवानगी हाती, वस्ती मोकळी, आठवड्यांची उघड तयारी, आणि तरीही एक छोटा पूल पूर्ण पडला नाही. मग हजारो माणसांचा वावर असलेल्या 47 मजली इमारतीत गुपचूप भिंती उकलायच्या, खांब कोरायचे, तारा ओढायच्या, सात तास आगीत त्या तारा शाबूत ठेवायच्या, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे एकाही कामगाराने तोंड उघडायचे नाही, हे कितपत संभवते? शिवाय एक खांब तोडण्याइतका स्फोटही अर्ध्या मैलावर 130 ते 140 डेसिबल आवाज करेल, असा त्या संस्थेचा हिशेब आहे. ती इमारत पडतानाच्या ध्वनिमुद्रणांत असा धमाका ऐकू येत नाही.

पानशेतची आठवण

आपल्या शहरावरही अशी वेळ आली होती. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. धरण अपुरे होते, तरी त्यात पाणी अडवले होते. विमोचकाचे काम पूर्ण झाले नव्हते. त्याच्या वरचा बांध खचू लागला, जवानांनी वाळूची पोती रचून शर्थ केली, पण धरण राहिले नाही. आधी न्यायमूर्ती बावडेकर व त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांनी चौकशी केली. त्या काळच्या पुणेकरांना संताप आला तो घाईचा, हलगर्जीपणाचा आणि वेळेवर इशारा न मिळाल्याचा. तो संताप रास्त होता, कारण त्याला पत्ता होता. सारे खापर एखाद्या अदृश्य हातावर फोडले असते, तर दृश्य हात अलगद सुटले असते.

आपल्यावर आलेला प्रसंग

कटकथेचे पाप येथेच आहे. ती खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडते आणि निरपराधाला गुन्हेगार ठरवते. 11 सप्टेंबरचा हल्ला हा कटच होता. तो अल कायदाच्या 19 जणांनी तडीस नेला आणि 2004 मध्ये बिन लादेनने स्वतः चित्रफितीत त्याची जबाबदारी घेतली. तरीही 'चार हजार ज्यू त्या दिवशी कामावर गेलेच नाहीत' ही अफवा जगभर फिरली. मृतांत शेकडो ज्यू होते, हे कोणी पाहिले नाही.

आपल्यालाही हे सोसावे लागले आहे. 26/11 च्या हल्ल्यामागे संघाचा हात असल्याचे सांगणारे पुस्तक 2010 मध्ये निघाले. पुढे लेखकाला माफी मागावी लागली. तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडून दिले नसते, तर ती कथा किती फोफावली असती याची कल्पनाच करवत नाही. खुला खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येथेच, येरवड्यात, त्याला फाशी झाली. असत्य पुराव्याने हरले.

म्हणूनच कार्यकर्त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्यावर रचलेली कथा जी कसोटी लावून आपण फेटाळली, तीच कसोटी आपल्याला आवडणाऱ्या कथेलाही लावा. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. हे खरे असेल तर किती माणसांना गप्प राहावे लागेल? कोणता पुरावा समोर आला तर मी हे मत सोडीन? आणि यात ज्याच्यावर आरोप आहे तो माझा विरोधक नसून माझा माणूस असता, तर एवढ्याच पुराव्यावर मी विश्वास ठेवला असता का? दुसऱ्या प्रश्नाला 'कोणताच नाही' असे उत्तर आले, तर ते मत न राहता व्यसन झाले आहे असे समजावे.

शेवटी एक घरगुती गोष्ट. कोथरूडमध्ये जुने वाडे आणि चार मजली सोसायट्या जाऊन उंच इमारती उभ्या राहत आहेत. सातव्या इमारतीचा खरा धडा त्यांच्यासाठी आहे: फवाऱ्यांना पाणी आले नाही आणि आग विझली नाही. उद्या आपल्या सोसायटीच्या सभेत कोणी अमेरिकेच्या कटाचा विषय काढला, तर त्याला जरूर बोलू द्या. त्याचे म्हणणे ऐकून झाल्यावर त्यालाच सोबत घेऊन गच्चीवरची अग्निशमनाची टाकी भरलेली आहे का आणि जिन्यात कोणी सामान रचून ठेवले आहे का, हे पाहून या.