करवीरच्या राजाचें पहिलें परदेशगमन
(महोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामांतील मुलें आतां शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परदेशीं जातात. निरोप देतांना आपण त्यांना उपदेश पुष्कळ करितों. पण ह्याच करवीर नगरींतून विलायतेस गेलेल्या एका विशींतल्या तरुणाचा वृत्तांत क्वचितच सांगतों. ते तरुण म्हणजे छत्रपति राजाराम महाराज.

महाराज 1866 मध्यें गादीवर आले आणि 1870 मध्यें प्रवासास निघाले. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हां एक वर्षहि झालें नव्हतें. समुद्र ओलांडला कीं जात गेली, ही समजूत घरोघर पक्की होती. त्या काळीं हिंदु राजानें बोटींत पाय ठेवणें म्हणजे लहान धाडस नव्हे. कॅप्टन वेस्ट हे गोरे अधिकारी बरोबर होते, आणि आपलीं माणसेंहि होतीं. लंडनला व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. मला मात्र त्या भेटीपेक्षां महाराजांच्या रोजनिशीचें अधिक कौतुक वाटतें. ती ते इंग्रजींत लिहीत. 1872 मध्यें वेस्टसाहेबांनीं ती लंडनला छापविली. कोठें गेलों, कोण भेटलें, काय पाहिलें, एवढेंच बहुधा तींत असतें. आपल्या मुलांनीं घरीं छायाचित्रें खुशाल पाठवावींत, पण रात्रीं अशा चार ओळीहि लिहून ठेवाव्यात.

परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृति ढासळली, आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स तेव्हां इटलीची राजधानी होती. आपल्या ख्रिस्तसभेसहि ते दिवस कठीण होते: 20 सप्टेंबरला इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें होतें, आणि पोप नववे पायस ह्यांनीं बोलाविलेली व्हॅटिकनची विश्वपरिषद ऑक्टोबरांत तहकूब झाली होती.

अशा वेळीं त्या कॅथोलिक शहरापुढें एक परका प्रश्न उभा राहिला. महाराजांच्या माणसांना आपल्या राजाला अग्नि द्यावयाचा होता, तोहि नदीच्या संगमावर. मृतांस पुरणें एवढेंच त्या शहरास ठाऊक. आपल्या ख्रिस्तसभेनें तर पुढें 1886 मध्यें दहनास मनाई केली, ती 1963 मध्यें सैल झाली. तरीहि नगरपालिकेनें परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर, कॅशिने नांवाच्या उद्यानाच्या टोकाशीं, चिता पेटली. परवानगी नागरी अधिकाऱ्यांची होती, हें मला मान्य आहे. पण ते अधिकारी ज्या शहराचे होते त्याच्या चौकाचौकांत चर्च आहे; परक्याच्या मृत्यूचा मान राखणें त्यांना आपल्या श्रद्धेविरुद्ध वाटलें नाहीं.

महाराजांच्या माणसांनींहि परमुलखांत आपली रीत सोडली नाहीं, आणि यजमानांची रीत हीन लेखिली नाहीं. परदेशीं जाणाऱ्या मुलाला ह्याहून अधिक काय शिकवावें, मला सुचत नाहीं. रविवारच्या मिस्सेला जाण्याची लाज वाटूं लागली, तर दोष परदेशाचा नव्हे.

पुढें 1902 मध्यें शाहू छत्रपति इंग्लंडला गेले. तोंवर वाट मळली होती.

आपल्यापैकीं कित्येकांचे पूर्वज बाहेरगांवांहून येथें आले. ह्या हिंदु राजांच्या नगरींत आपले मृत क्रुसाखालीं, आपल्या प्रार्थनेनें, मातींत विसावले आहेत. फ्लॉरेन्सनें कोल्हापूरच्या राजासाठीं एका रात्रीं जें केलें, तें कोल्हापूरनें आपल्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या केलें आहे. उद्यां दूरच्या प्रांतांतून मजूर म्हणून आलेला कोणी येथें एकाकी मेला, तर त्याच्या रीतीची चौकशी आपण करूं काय, हें मी तुम्हांलाच विचारतों.

त्या संगमावर 1874 मध्यें महाराजांचा अर्धपुतळा व वर छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मॅन्ट ह्या स्थापत्यकाराचा. आपला नवा राजवाडाहि त्याच्याच हातचा. जवळच्या पुलाला तेथील लोक ‘इंडियानो’चा पूल म्हणतात. तुमच्यापैकीं कोणी रोमच्या यात्रेस गेलें, तर फ्लॉरेन्सला उतरून त्या उद्यानाच्या शेवटापर्यंत चालत जावें. पंचगंगेचा घाट पाहिलेल्या माणसाला ती छत्री लांबूनच ओळखूं येईल.