वाचा, मगच सही करा
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता जोडाक्षरे वाचू लागला आहात. एस.टी.ची पाटी वाचता. रेशनच्या दुकानातला फळा वाचता. सातबाऱ्यावरचे आपले नाव बोट ठेवून दाखवता. आज मी तुम्हांला आणखी एका ठिकाणच्या कागदांविषयी सांगणार आहे. ते ठिकाण म्हणजे पोलीस ठाणे.

पोलीस ठाणे म्हटले की आपल्या छातीत धस्स होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. ठाण्याची पायरी तर त्याहूनही उंच वाटते. चोरी झाली तरी माणूस म्हणतो, “जाऊ द्या, नसती कटकट नको.” ही भीती कोठून आली? थोडी अनुभवातून आली, आणि बरीचशी अज्ञानातून आली. अनुभव पुसता येत नाही. अज्ञान मात्र पुसता येते.

आधी पोलिसांची बाजू पाहू. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य आहे, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. सज्जनांचे रक्षण करणे आणि दुष्टांना आवर घालणे, असा त्याचा अर्थ. हे काम सोपे नाही. जत्रा असो, निवडणूक असो, पूर असो की दंगल असो, रस्त्यावर उभा असतो तो पोलीस शिपाईच. तो आपल्यासारख्याच घरातला मुलगा असतो. २०१९ साली एकवीस राज्यांतील जवळजवळ बारा हजार पोलिसांना भेटून एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात असे दिसले की पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात, आणि निम्म्या पोलिसांना आठवड्याची सुट्टीसुद्धा मिळत नाही. तेव्हा खाकी कपडा दिसला की शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही.

पण पोलिसाच्या हाती मोठी सत्ता असते. तो माणसाला पकडू शकतो, कोठडीत ठेवू शकतो, घराची झडती घेऊ शकतो. एवढी सत्ता हाती आली की तिचा गैरवापरही होऊ शकतो. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? म्हणून कायद्याने कुंपणालाही कुंपण घातले आहे. हे दुसरे कुंपण काट्यांचे नाही, अक्षरांचे आहे. पोलिसाने काय करावे, काय करू नये, कोणता कागद लिहावा, कोणाला द्यावा, हे सारे लिहून ठेवलेले आहे. ज्याला वाचता येते त्याला हे कुंपण उपयोगी पडते. ज्याला येत नाही त्याच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, रात्री गोठ्यातून तुमची म्हैस चोरीला गेली. तुम्ही पोलीस पाटलांना घेऊन ठाण्यावर गेलात. ठाणे अंमलदारांना तुम्ही हकिकत सांगता. ते ती लिहून घेतात. यालाच फिर्याद किंवा प्रथम खबर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता’ हा कायदा चालू आहे. त्यात सांगितले आहे की तोंडी दिलेली खबर लिहून घ्यावी, ती सांगणाऱ्याला वाचून दाखवावी आणि मग त्याची सही घ्यावी. त्या खबरीची एक प्रत सांगणाऱ्याला ताबडतोब आणि फुकट द्यावी. प्रत मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तो तुमचा हक्क आहे.

सही करण्याआधी काय पाहाल? तारीख पाहा. वेळ पाहा. गावाचे नाव पाहा. म्हशीचा रंग, शिंगे, खुणा तुम्ही सांगितल्या तशाच आहेत का, ते पाहा. तुम्ही ‘चोरीला गेली’ असे सांगितले असेल आणि कागदावर ‘हरवली’ असे लिहिले असेल, तर तेथेच थांबा. ‘हरवली’ म्हणजे गुन्हा नाही. ‘चोरली’ म्हणजे गुन्हा आहे. एका शब्दाने तुमची सारी फिर्याद उलटते. “साहेब, एवढा शब्द दुरुस्त करा,” असे नम्रपणे सांगा. वाचायला वेळ लागला तरी चालेल. बोट ठेवून, अक्षर जुळवून वाचा. कोऱ्या कागदावर मात्र कधीही सही करू नका, अंगठाही देऊ नका.

ठाण्यावर कोणी म्हणेल, “ही जागा आमच्या हद्दीत येत नाही.” तरीसुद्धा खबर लिहून घेतली पाहिजे. मग ती योग्य ठाण्याकडे पाठवता येते. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर मिळाली की तिची नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. नव्या कायद्याप्रमाणे काही गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करता येते. पण हाकलून देणे कोठेही लिहिलेले नाही. खबर घेतलीच नाही, तर ती हकिकत कागदावर लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तेथेही काही झाले नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती आणि पत्राची नक्कल मात्र जपून ठेवा.

आता फिर्याद आणि जबाब यांतला फरक ध्यानात घ्या. फिर्यादीवर सही करायची असते. पण तपास चालू असताना पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. कायदाच तसे सांगतो. पुष्कळांना हे ठाऊक नसते. शिवाय स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग आणि फार आजारी माणसे यांना साक्षीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे असते.

यापुढचा कागद अटकेचा. येथे अन्याय झाला तर माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात तीन गोष्टी लिहिल्या आहेत. अटक का केली ते सांगितले पाहिजे. वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. अटकेची कारणे लेखी, आणि अटक झालेल्या माणसाला समजते त्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सांगितले. म्हणजे मराठी माणसाला मराठीत कागद मिळाला पाहिजे. सरकारने तो कागद आपल्या भाषेत द्यायचा. वाचायचे काम मात्र आपले!

अटक करताना एक पंचनाम्यासारखा कागद करावा लागतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असते. पकडलेल्या माणसाचीही सही असते. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी असली पाहिजे. कोठे ठेवले आहे ते नातेवाइकाला कळवले पाहिजे. डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. स्त्रीला, अपवादाची परिस्थिती सोडून, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. त्या अपवादातही स्त्री पोलीस अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी काढावी लागते.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. ते आणण्यासाठी माणसांनी पत्रे लिहिली. तीन पत्रांची हकिकत सांगतो.

पहिली हकिकत आपल्याच महाराष्ट्रातील. १९७२ साली देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, असे निकालात म्हटले होते. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. रात्रीच्या वेळी ठाण्यात अडकलेली गरीब पोर ओरडणार कशी, असा त्या पत्राचा रोख होता. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, तर तिची संमती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, असे ठरले.

दुसरे पत्र १९८६ सालचे. पश्चिम बंगालमध्ये गरिबांना कायद्याची मदत करणाऱ्या संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रात वाचल्या. त्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला आणि अटकेचे अकरा नियम घालून दिले गेले. नावाची पट्टी, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, हे जे मी आता सांगितले, ते त्याच निकालातून आले आणि पुढे कायद्यात गेले.

तिसरे पत्र ओडिशातल्या एका आईचे. १ डिसेंबर १९८७ रोजी सकाळी तिच्या बावीस वर्षांच्या मुलाला चोरीच्या तपासासाठी पोलिसांनी घरातून नेले. रात्री ती त्याच्यासाठी चौकीवर जेवण घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. अंगावर जखमा होत्या, हाताला बेडी होती. पोलीस म्हणाले, तो दोर दातांनी तोडून पळाला. त्या आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवले. न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली. १९९३ साली न्यायालयाने सांगितले, कोठडीतल्या माणसाच्या जिवाला सरकार जबाबदार आहे. आईला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. पैशाने मुलगा परत आला नाही. पण ‘कोठडीत मेला, त्याला कोण काय करणार,’ असे म्हणण्याचे दिवस त्या पत्राने संपवले.

मंडळी, नियम झाले म्हणजे ते पाळलेच जातात, असे मी म्हणणार नाही. आजही कोठडीत माणसे मरतात. म्हणून दाद मागण्याची ठिकाणे ठाऊक असावीत. कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटने चौकशी करावी लागते, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवावे लागते. पोलीस खात्यातले मोठे अधिकारी प्रकाश सिंह निवृत्त झाल्यावर पोलीस सुधारणेसाठी न्यायालयात गेले. त्यांच्या अर्जावर २००६ साली निकाल झाला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक राज्यात वेगळे प्राधिकरण असावे, असे त्यात सांगितले. महाराष्ट्रात ‘राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण’ आहे. त्याच्याकडे लेखी तक्रार करता येते. २०२० साली न्यायालयाने असेही सांगितले की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावावेत आणि त्यांतले चित्रण अठरा महिने जपून ठेवावे. ठाण्यात मारहाण झाली तर ते चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी लवकर करावी. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. अटक झालेल्या गरिबाला वकील फुकट मिळतो.

आता तुम्ही विचाराल, “गुरुजी, एवढे सारे आमच्या ध्यानात कसे राहणार?” सारे राहू नये. तीन गोष्टी राहाव्यात. एक, वाचल्याशिवाय सही करायची नाही. दोन, प्रत घेतल्याशिवाय निघायचे नाही. तीन, ठाण्यावर एकट्याने जायचे नाही. पोलीस पाटील, सरपंच, शेजारी, कोणीतरी जाणता माणूस बरोबर घ्यायचा. आणि बोलायचे ते नम्रपणे, पण ताठ मानेने. चांगल्या पोलिसाला याचा राग येत नाही. कागद नीट झाला तर त्याचाही खटला न्यायालयात टिकतो. वाईट पोलीस मात्र वाचणाऱ्या माणसापुढे दहा वेळा विचार करतो.

त्या ओडिशातल्या आईजवळ पैसा नव्हता, ओळख नव्हती. तिच्याजवळ एक पत्र होते. तुम्हीही आता अक्षरे जुळवू लागला आहात. उद्या वर्गाला येताना हे पाच शब्द पाटीवर लिहून आणा: फिर्याद, जबाब, अटक, साक्षीदार, प्रत. शुद्धलेखन मी तपासीन. पण अर्थ एकमेकांना समजावून सांगा, आणि घरी गेल्यावर बायकामुलांनाही सांगा.