तीच गाडी, तीच वेळ

(अंबरनाथ इथं झालेल्या स्त्रियांच्या मेळाव्यातलं भाषण)



हुंडा, दारू, मारहाण, पोटगी या विषयांवर आपण इथं नेहमीच बोलतो. आज मी एका गाण्याच्या कार्यक्रमाबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून काहीजणींना हसू आलं, ते साहजिक आहे. मजा करणं हा काय चळवळीचा प्रश्न झाला का, असं आपल्यालाही वाटतं. पण केंद्रात येणाऱ्या बायकांशी बोलताना मला दिसत आलंय, की बाईच्या कष्टाला घरात जागा असते, दुखण्याला थोडीफार असते, मजेला मात्र नसते. पुरुषाच्या आवडीला छंद म्हणतात आणि बाईच्या आवडीला थेर.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा इंग्लंडचा रॉक बँड नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आला होता. मार्च २०२२ मध्ये कोस्टा रिकातून सुरू झालेल्या त्यांच्या जगाच्या दौऱ्यातले १८, १९ आणि २१ जानेवारी हे तीन दिवस आपल्या वाट्याला आले. तिकिटं सप्टेंबर २०२४ मध्ये निघाली, अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. काही वेळातच संपली आणि काळ्या बाजारात लाखाच्या गोष्टी सुरू झाल्या. आपल्यासारख्यांचं काम नव्हतं ते. पण नोव्हेंबरात दोन-दोन हजारांची थोडी तिकिटं काढली गेली. ती जोडीनंच घ्यायची आणि जागा कुठली ते त्याच दिवशी कळणार. आम्हा दोघींना एकेक जोडी मिळाली आणि चौघींचं ठरलं.

चौघी कोण? मी अंबरनाथची. दुसरी उल्हासनगरची, कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात हिशेब लिहिते. तिसरी बदलापूरची, ठाण्याच्या एका रुग्णालयात नर्स आहे, वय एक्केचाळीस. चौथी तिची अकरावीतली मुलगी.

खरी चाहती ही नर्सच. नर्सिंगच्या वसतिगृहात असताना खोलीतल्या मैत्रिणीकडून तिनं ही गाणी पहिल्यांदा ऐकली. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण रात्रपाळीनंतर झोप येईना की हीच गाणी लावायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये हाच बँड वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन गेला. तेव्हा मुलगी सात वर्षांची होती आणि घरात विषय काढण्याचीही सोय नव्हती. म्हणजे ही बाई वीस वर्षं वाट बघत होती.

आता परवानगीचं ऐका. माझ्या घरी प्रश्न स्वयंपाकाचा निघाला. तो नवऱ्यानं केला आणि प्रश्न मिटला. उल्हासनगरच्या मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, सोबतीला मी येतो. ती म्हणाली, रोज कारखान्यातून एकटी येते तेव्हा सोबत कुठं असते? बदलापूरला मात्र गाडी अडली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं आणि २० ऑगस्टला लोकांनी दिवसभर रेल्वे रोखून धरली, हे आपल्या सगळ्यांना आठवतंय. तो संताप खराच होता. पण त्यानंतर घराघरांत काय झालं? मुलींचे क्लास संध्याकाळी सातच्या आत आले. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणं बंद झालं. गुन्हा शाळेच्या आत, दिवसाढवळ्या झाला होता आणि बंदी मुलींच्या संध्याकाळीवर आली. या मुलीचंही तसंच झालं होतं. सासरे म्हणाले, दिवस काय चाललेत आणि तुम्हाला नाचगाणी सुचतात?

त्यावर नर्सनं एकच गोष्ट विचारली. माझी दुसरी पाळी संपून मी घरी येते तेव्हा किती वाजलेले असतात? साडेअकरा. बदली उशिरा आली तर साडेबारा. तेव्हा तुम्ही काय विचारता? जेवलीस का, एवढंच ना? मग त्याच गाडीनं, त्याच वेळेला मी गाणं ऐकून आले तर काय बिघडतं?

या प्रश्नाला घरात उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही चौघी गेलो.

कार्यक्रमाचं थोडं सांगते. दारात प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा देतात. गाणं सुरू झालं की तो आपोआप पेटतो, रंग बदलतो. हजारो हात वर होतात आणि सगळं मैदान एकदम पिवळं, एकदम निळं होतं. पस्तीस हजारवाल्याच्या आणि दोन हजारवाल्याच्या हातातला दिवा सारखाच. निघताना पट्टा परत द्यायचा, पुढच्या गावी तोच वापरतात. गायक मराठीतही थोडं बोलला, तेव्हा मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. नर्सला प्रत्येक गाणं पाठ होतं. ती रडत होती आणि गात होती. लेक स्टेजकडे कमी आणि आईकडेच जास्त बघत होती. मला हळूच म्हणाली, "मावशी, आई इतका वेळ काहीच काम न करता बसलेली मी कधी पाहिली नव्हती."

दहाच्या सुमाराला संपलं. नेरूळ स्टेशनपर्यंत गर्दीतून चालत, तिथून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून बदलापूर लोकल. वाटेतल्या एका स्टेशनात बायकांच्या संडासाला कुलूप होतं. महिलांच्या डब्यात मोजक्या बायका होत्या. दोन केटरिंगच्या कामावरून येणाऱ्या, एक कॉल सेंटरवाली, एक डबे आवरून निघालेली. पोलीस होता, त्यामुळे बरं वाटलं. उल्हासनगरला मैत्रीण उतरली. अंबरनाथला मी उतरले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. शेअर रिक्षा नव्हती आणि एकट्या रिक्षावाल्यानं तिप्पट पैसे मागितले.

डब्यातल्या त्या बायका बघून माझ्या मनात जे आलं ते तुमच्यापुढे ठेवते. रात्रीची गाडी बायकांना नवीन नाही. पगार आणायचा असेल तर बाईनं रात्री फिरलेलं चालतं. देवाचं नाव असलं तरी चालतं. नवरात्रात, जागरणात, महाशिवरात्रीला इथल्या शिवमंदिराच्या रांगेत कोणी घड्याळ दाखवत नाही. म्हणजे रात्र धोक्याची आहे हे कारण पुरतं खरं नाही. बाई स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या सुखासाठी बाहेर आहे, हे खुपतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईतल्या बायकांवर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यातही हेच मांडलं आहे, की बाईला रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी कारण दाखवावं लागतं.

याची किंमत आपण केंद्रात बघतो. छेडछाडीची तक्रार घेऊन बाई आली की पहिला प्रश्न येतो, "एवढ्या रात्री तिथं कशाला गेली होतीस?" कामावरून येत होते म्हटलं तर सहानुभूती. कार्यक्रमाला गेले होते म्हटलं तर चूक तिचीच. गुन्हा तोच, पण बाई कुठून येत होती त्यावर न्याय ठरतो. म्हणून हा मजेचा विषय वाटतो तितका हलका नाही.

काहीजणी म्हणतील, हे इंग्रजी बँड म्हणजे श्रीमंतांची थेरं. तर ऐका. २६ मार्च १९८० ला 'द पोलीस' हा बँड मुंबईत रंगभवनात वाजवून गेला. तो कार्यक्रम भरवणारा टाइम अँड टॅलेंट्स क्लब बायकांचा होता. आणि प्रश्न बँडचा नाहीच. कुणाला लावणी बघायची असेल, कुणाला कव्वाली, कुणाला नुसतंच चौपाटीवर बसायचं असेल.

मग मागायचं काय? रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत स्टेशनवरचे बायकांचे संडास उघडे हवेत. शेवटच्या गाडीला ठरल्या भाड्याची शेअर रिक्षा हवी. महिलांच्या डब्यात रोज रात्री पोलीस हवा, आणि रेल्वे पोलिसांचा १५१२ हा क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ हवा. यातलं प्रत्येक कामावरून येणाऱ्या बाईलाही तितकंच लागतं, म्हणून ही मागणी सगळ्यांची आहे. घरात मागायचं ते एवढंच, की आई बाहेर गेली तर भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापावी.

या मेळाव्यानंतर आपण वस्तीवस्तीत बैठका घेणार आहोत. तिथं तक्रारींच्या यादीबरोबर आणखी एक यादी करूया. प्रत्येकीनं सांगायचं, परवानगी मागावी लागली नसती तर मी रात्री कुठं गेले असते? काही नाही सुचलं तर तसंही लिहा. न सुचणं हेसुद्धा आपल्याला मोजायचं आहे.