सरकारचा पैका आणि गावची शाळा
(पालकांच्या सभेंत केलेले भाषण)



शाळेचा पट कां घटला, हे सांगण्यासाठी मी उभा आहे. कोणा आईबापांस बोल लावण्याचा माझा हेतु नाही. पोर शहाणे व्हावे म्हणून जो कुणबी घरचे दाणे विकून इंग्रजी शाळेच्या गाडीचे भाडे भरतो, त्यास मूर्ख म्हणणारा मास्तर स्वतःच मूर्ख होय.

परंतु पैका कोणाचा व जातो कोठे, हे पाहिले पाहिजे. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदान खासगी शाळांत, अल्पसंख्याकांच्या शाळा वगळून, शेंकडा २५ जागा गरीब व वंचित घरांतील मुलांस राखून दिल्या. त्यांची फी सरकार भरते. मात्र सरकारी शाळेंत एका मुलामागे जेवढा खर्च येतो त्याहून अधिक देत नाही. सुताराचे पोर व सावकाराचे पोर एका बाकावर बसले, तर आम्हांस आनंदच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम फिरविला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिला या जागा भरण्यापासून सूट दिली. लोक कोर्टांत गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो नियम रद्द केला. न्याय झाला. तरी एक गोष्ट माझ्या मनास लागून राहिली. सरकार म्हणत होते, शेजारी आमची शाळा आहे, तेथे जा. आणि गरीब म्हणत होता, ती नको. ती शाळा म्हणजे आम्ही मास्तरच की!

आतां पटाचा हिशेब ऐका. कायद्याप्रमाणे पहिली ते पांचवीस ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक व ६१ झाली की तीन. म्हणजे एक पोर गाडींत बसून गेले की एक मास्तर उठतो, आणि उरलेल्या साठ पोरांस पांच इयत्तांमागे दोघे राहतात. त्यांतला एक निवडणुकीच्या कामास गेला म्हणजे काय होते, ते तुमच्या मुलांस विचारा. शिकवणे ढिले पडले की आणखी दहा पोरे जातात.

कांही विद्वान म्हणतात, सरकारी शाळा हव्यातच कशाला? प्रत्येक बापाच्या हातीं पैशाची हुंडी द्यावी, आवडेल त्या शाळेंत त्याने ती वटवावी. अहो, पण हुंडी वटविण्यास पेढी लागते! पंधरा पोरांच्या वाडीवर कोणता शेट शाळा काढील? जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीं हंटर कमिशनपुढे हेच मांडले होते. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत गरीब रयतेंत उपयोगी नाही, कारण तेथे स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणा शिक्षकाचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रयतेकडून गोळा केलेला पैका वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रारही त्यांनीच केली.

म्हणून शेंकडा २५ चा हक्क कोणी सोडूं नये, आणि त्या निमित्ताने गावची शाळाही मोडूं देऊं नये. व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. मागच्या बैठकीस तिघेजण आले. त्यांतील एक चहा होईपर्यंत बसले. येत्या बैठकीस मी माझी हजेरीवही मेजावर उघडी ठेवणार आहे. किती दिवस वर्गांत होतो व किती दिवस कागद रंगवीत होतो, ते बायाबापड्यांनी स्वतः मोजावे. ज्यांस वाचतां येत नाही त्यांनी आपले चौथीतले पोर बरोबर आणावे. त्यास वही वाचतां आली नाही, तर तो जाब मला तेथेच विचारावा.