पुढच्या चक्रांचा बेबनाव



पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, आणि त्या काळाची एक संवय आमच्या हातांत अद्याप शिल्लक आहे. एकाच दांतेरी चक्राच्या काळ्या सायकलीस मिळेल तो क्रँक लावावा, कॉटर पिन हातोड्यानें ठोकावी आणि रस्त्यास लागावें. साखळी बिचारी तक्रार करीत नसे, कारण तिला जावयास दुसरें ठिकाणच नव्हतें. पुढें दोन किंवा तीन चक्रें असलेल्या आजच्या सायकलीस तीच संवय लावली म्हणजे काय होतें, तें मी आज सांगणार आहें. उदाहरण घरचें आहे, व त्यांतला बराचसा दोष माझा आहे.

माझा भाचा हडपसरला राहतो. तेथें सोलापूर रस्त्यावर 'आकाशवाणी' नांवाचा बसथांबाच आहे, तेव्हां निदान त्या बाजूस तरी हें भाषण ऐकलें जाईल अशी आशा करतों! दर रविवारीं फुरसुंगी, वडकी मागें टाकून दिवे घाट चढावयाचा व सासवड गांठावयाचें, हा त्याचा नेम. सायकलीचा तीन चक्रांचा मूळ जोड झिजला तेव्हां नवा घेण्याइतका पैसा त्याच्यापाशीं नव्हता; म्हणून मीच त्याला जुन्या बाजारांत नेलें. एकाकडे पांच भुजांचा क्रँक व ३४ दांत्यांचें लहान चक्र मिळालें, दुसऱ्याकडे ५० दांत्यांचें मोठें. दोन्ही चक्रांचीं भोकें ११० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर होतीं. मीं तीं मोठ्या ऐटीनें मोजलीं. भोकें जुळलीं म्हणजे सर्व कांहीं जुळलें, असें मला वाटलें.

अंगणांत फिरवून पाहिलें तेव्हां काम ठीक दिसलें. पण घाटांत, पायांवर पुरा भार असतां, भाच्यानें मोठ्या चक्रावरून लहानावर येण्यासाठीं कळ दाबली, आणि साखळी लहान चक्र ओलांडून आंत पडली. पायडल पोकळ फिरलें, तोल गेला, तो आडवा झाला. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकानें वेळीं ब्रेक लावला म्हणून गुडघ्यावरच निभावलें. माझी बहीण त्या संध्याकाळीं मला जें बोलली तें नभोवाणीवर सांगण्याजोगें नाहीं.

त्यानंतरच्या तीन संध्याकाळीं आम्हीं स्क्रू पिळीत होतों. साखळीस बाजूला ढकलणारा जो पिंजरा, ज्याला डिरेलर म्हणतात, त्यास दोन स्क्रू असतात. एक आंतली मर्यादा ठरवितो, दुसरा बाहेरची. आंतला शेवटपर्यंत पिळला तरी साखळी आंत पडण्याचें भय जाईना. बाहेरचा मोकळा केला तरी ती मोठ्या चक्रावर धड चढेना. अखेर औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणारे एक शेजारी जवळ येऊन म्हणाले, "काका, स्क्रूची धांव संपली, म्हणजे दोष स्क्रूंत नाहीं. मोजलंत का कांहीं?"

मोजलें नव्हतें. सांगाड्याच्या मध्यरेषेपासून दोन चक्रांच्या मधल्या बिंदूपर्यंतचें अंतर, रस्त्यावरच्या दुहेरी चक्रांच्या सायकलींत, साधारणपणें ४३.५ मिलिमीटर धरतात. आमचें भरलें ५०! कारण उघड होतें. क्रँक बदलला, पण आंतला अॅक्सल तीन चक्रांच्या जोडाचाच, १२२.५ मिलिमीटर लांबीचा राहिला होता. तिसऱ्या चक्रासाठीं राखलेली जागा रिकामी, आणि उरलेलीं दोन चक्रें बाहेर लटकलेलीं. ११० मिलिमीटरचा अॅक्सल आणला. साडेबारा मिलिमीटर कमी झाले. दोन्ही बाजूंस सव्वासहा. माप पावणेचव्वेचाळीस आलें, आणि पाव मिलिमीटराबद्दल साखळी भांडत नाहीं.

साखळी आंत पडणें थांबलें. तरी मोठ्या चक्रावर चढतांना ती अजून अडखळे, आणि या ठिकाणीं मला खरी गंमत कळली. मोठ्या चक्राची आंतली बाजू निरखून पहा. तिच्यावर बारीक पिना व उतरते खांचे असतात. साखळी वर उचलली जावी ती तेथेंच, आणि लहान चक्राचे दांते त्या ठिकाणीं जसे येतात त्यांचा हिशेब करूनच त्या पिना बसविलेल्या असतात. पांच भोकें पांच प्रकारांनीं जुळतात. त्यांपैकीं चार चूक. बाहेरच्या बाजूस एक ठळक पिन असते, ती क्रँकच्या पाठीमागें आली पाहिजे. बाहेर पडलेली साखळी क्रँक व चक्र यांच्या सांपटींत अडकूं नये, हेंहि तिचें काम. आमची पिन एक भोक, म्हणजे ७२ अंश, पुढें बसली होती. बोल्ट काढले, चक्र फिरविलें, पुन्हां आंवळलें. दहा मिनिटांचें काम.

पिंजऱ्याची उंची मात्र मूळचीच बरोबर निघाली, कारण जुन्या जोडांतहि मोठें चक्र ५० दांत्यांचेंच होतें. पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चक्राच्या दांत्यांवरून एक ते तीन मिलिमीटर अंतरानें, चक्राशीं समांतर जावी. लहान व मोठ्या चक्रांतील दांत्यांचा फरकहि पिंजऱ्यास झेपणारा हवा. ५० आणि ३४ यांतील १६ चा फरक दुहेरी चक्रांच्या पुष्कळशा डिरेलरांस चालतो. ज्यांच्या सायकलीस नवी अरुंद साखळी व जुनीं, परस्परांपासून दूर बसणारीं चक्रें असतील, त्यांची साखळी दोहोंच्या मध्यें घसरते. तेथें पिंजरा कितीहि जुळवा, उपयोग नाहीं. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतींत १९३७ पर्यंत डिरेलरला मज्जाव होता. त्या तीन संध्याकाळीं मला तो नियम अगदींच वेडगळ वाटला नाहीं.

पुढच्या रविवारीं मी मोटारींतून भाच्याच्या मागोमाग घाटांत गेलों. खालीं मस्तानी तलाव दिसूं लागतो त्या वळणावर त्यानें मुद्दाम तीनदां गिअर बदलला आणि मागें वळून मजकडे पाहिलें. काढलेला लांब अॅक्सल माझ्या खणांत पडून आहे. छर्रे शाबूत आहेत. कोणास तीन चक्रांचा जोड बसवावयाचा असेल, तर आधीं माप घेऊन यावें.